ओंडक्यांच्या भिंती आणि उजेडाचा प्रश्न

लॉग होम म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र उभं राहतं. गोल ओंडके एकावर एक रचून केलेल्या भिंती, ओंडक्यांचाच पलंग, बुंध्याच्या चकतीचं टेबल, दगडी फायरप्लेसच्या वर मूसचं शिंगाळं डोकं, सोफ्यावर अस्वलांची चित्रं असलेल्या उशा. अमेरिकेत सुट्टीसाठी भाड्याने मिळणारी केबिन्स बहुधा याच थाटात सजवलेली असतात. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये किंवा कोलोरॅडोत लाँग वीकेंडला तिथली मराठी कुटुंबंही मिळून असं केबिन घेतात, आणि फोटो पाहणाऱ्या इकडच्या नातेवाइकांनाही वाटतं की लाकडी घर आतून सजवायचं ते असंच. माझं म्हणणं असं की ही सजावट ओंडक्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेल्या माणसांची नाही. श्रीमंतांच्या सुट्टीतून आणि हॉटेलांतून ती आली, आणि तिचं वय जेमतेम दीडशे वर्षांचं आहे. जी माणसं अशा घरांत जन्मली, आजारी पडली, म्हातारी झाली, त्यांनी लाकडात आणखी लाकूड भरलं नाही. त्यांनी खडू आणला, चुना आणला, रंग, कापड आणि कागद आणला. त्यात हौस होतीच, पण हौसेआधी गरज होती. ती गरज ओळखली तर आज असं घर बांधणाऱ्याचे निम्मे प्रश्न सुटतात, असं मला वाटतं.

आधी ती भिंत काय असते ते पाहू. आपल्याकडच्या वाड्यात सागवानी खांब, तुळया, कड्या असतात; त्यांच्या मधली भिंत माती-विटांची आणि तिच्यावर चुना. लाकूड तिथे सांगाडा असतं. उत्तरेकडच्या ओंडक्यांच्या घरात सांगाडा आणि भिंत अशी दोन वेगळी माणसं नसतात. पाइन किंवा स्प्रूसचे सरळसोट बुंधे आडवे रचायचे, कोपऱ्यांवर खाचा पाडून ते एकमेकांत अडकवायचे, वरचा ओंडका खालच्याच्या पाठीवर चपखल बसावा म्हणून त्याच्या पोटाशी लांबलचक पन्हळ कोरायची आणि त्या पन्हळीत शेवाळ दाबून भरायचं. नॉर्वेत या कामाला ‘लाफ्ट’ म्हणतात. तोच ओंडका वरचा भार पेलतो, तोच थंडी अडवतो आणि आतून पाहिलं तर भिंतीचा चेहराही तोच. ही काटकसर थक्क करणारी आहे, पण तिची किंमत आत राहणाऱ्याला मोजावी लागते. नवं पाइन फिकट असतं. उन्हाने आणि वयाने ते पिवळं, मग नारिंगी, मग तपकिरी होत जातं. शिवाय भिंत सपाट नसते. दर वीत-दीड वीत अंतरावर एक आडवी खोबण असते आणि तिच्यात भर दुपारीही सावली बसून असते. वाड्यातलं काळंभोर लाकूड उठून दिसतं ते शेजारच्या पांढऱ्या चुन्यामुळे. चारही भिंती, जमीन आणि छत असं सगळंच लाकूड असेल तर त्यातलं कुठलंच लाकूड नजरेत भरत नाही. खोली फक्त अंधारी वाटते. आणि हे देश असे, की हिवाळ्यात उजेड मुळातच मोजक्या तासांचा पाहुणा असतो.

नॉर्वेची जुनी घरं या प्रश्नाशी कशी झगडली हे पाहण्यासारखं आहे. मध्ययुगापासून तिथलं सामान्य शेतघर म्हणजे एकच मोठी खोली, जमिनीच्या मध्यावर उघडी चूल आणि छपराला धूर जाण्यासाठी एक भोक. त्या भोकाला ‘ल्योरे’ म्हणतात. धुराची वाट तीच आणि उजेडाचीही तीच. धूर वर तरंगत राही म्हणून खालच्या माणसांना श्वास घेता येई, पण भिंतींचा वरचा भाग न्‌ छत काजळीने डांबरासारखं काळं होई. अशा भिंतीवर रंगकाम कोण करणार? पण पश्चिम नॉर्वेत नाताळच्या आधी बायका त्याच काळ्या भिंतीवर खडूच्या पांढऱ्या पाण्याने नक्षी काढत: त्रिकोण, चौकडी, क्रॉस, नागमोडी रेघा. या चालीला ‘क्रोटिंग’ म्हणतात. वर्षभरात धूर ती नक्षी पुन्हा गिळून टाकी आणि पुढच्या नाताळला हात पुन्हा पांढरे होत. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चित्रं काढणाऱ्या आपल्या वारली बायकांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. गडद भिंतीवर पांढरी रेघ ओढली की खोली उजळते, हे कळायला कुठल्याही शाळेत जावं लागलं नाही. मला तर ओंडक्यांच्या घराच्या सजावटीचा सगळा धडा त्या एका खडूच्या रेघेत दिसतो.

पुढे चूल मधून कोपऱ्यात गेली, तिच्यावर दगडी धुराडं आलं, आणि घराचा आतला चेहरामोहरा बदलला. पूर्व नॉर्वेच्या सखल भागांत हे आधी झालं, आणि साधारण १७५०च्या सुमाराला तिथेच ‘रोजमालिंग’ नावाची फुलावेलींची चित्रकला फुलू लागली. टेलेमार्क आणि हालिंगदाल या खोऱ्यांतली ती सगळ्यांत नावाजलेली. निळ्या, लाल, हिरव्या रंगांत वळणावळणाच्या वेली पेट्यांवर, फडताळांच्या दारांवर, पलंगांवर आणि पुढे भिंती-छतांवरही चढल्या. या गोष्टीकडे लोककलेची हौस म्हणून पाहायची सवय आहे. मला तिच्यातलं कारण जास्त मोलाचं वाटतं. धूर घरात होता तोवर रंग टिकत नव्हता. धूर गेल्याबरोबर लोकांनी पहिलं काम कुठलं केलं असेल तर लाकूड रंगवण्याचं. उघडं लाकूड त्यांना प्रिय असतं तर काजळी गेल्यावर त्यांनी ते स्वच्छ घासून तसंच ठेवलं असतं. पश्चिमेकडच्या धुराच्या घरांत मात्र खडूची नक्षी आणखी बराच काळ टिकली, कारण तिथे धूरही टिकला.

‘हे गरिबांचं झालं, ज्यांना दुसरं काही परवडत नव्हतं त्यांनी स्वस्तातला रंग फासला,’ असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर स्वीडनच्या हेल्सिंगलांड प्रांतात मिळतं. तिथली सात शेतघरं २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, तीही त्यांच्या रंगवलेल्या खोल्यांसाठी. एकोणिसाव्या शतकात जंगल, शेती आणि जवसाच्या धाग्याचं कापड यांवर हे शेतकरी चांगलेच सधन झाले होते. जमीनदार सरदार नव्हेत, स्वतःची जमीन कसणारे शेतकरी; आणि पैसा आल्यावर त्यांनी काय केलं? ओंडक्यांची आणखी मोठी घरं बांधली आणि चित्रकार बोलावून आतल्या भिंती रंगवून घेतल्या. काही ठिकाणी चित्रं थेट ओंडक्यांवर आहेत, काही ठिकाणी भिंतीवर कापड ताणून त्याच्यावर. कापड ताणलं की ओंडक्यांचे उंचवटे झाकले जातात आणि सपाट, फिकट भिंत मिळते. योनास वालस्ट्रॉमसारख्या चित्रकाराने स्टेन्सिल वापरून असं काम केलं आहे की पाहणाऱ्याला ते शहरी घरातलं भारी वॉलपेपर वाटावं. या खोल्या रोज वापरायच्या नव्हत्या. लग्न, सणवार, पाहुणे यांच्यासाठीच त्या उघडत, आणि कुठे कुठे तर फक्त मेजवान्यांसाठी वेगळं घरच बांधलेलं होतं. म्हणजे ज्याच्याकडे पैसा होता, जागा होती, निवड करायची मुभा होती, त्याने आपली सगळ्यांत मानाची खोली सजवताना ओंडके लपवले.

अटलांटिकपलीकडेही हेच दिसतं. ओंडक्यांची घरं बांधायची विद्या अमेरिकेत नेणाऱ्यांमध्ये १६३८ साली डेलावेअर नदीकाठी वसलेल्या न्यू स्वीडन वसाहतीतल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांचं नाव आवर्जून घेतलं जातं. पुढे ती सीमेवरच्या प्रत्येक स्थलांतरिताची झाली. लिंकनच्या जन्माची केबिन हा तिथला राष्ट्रीय पुराणविषय आहे, पण अशा केबिन्समध्ये राहणाऱ्या बाया-बापड्यांनी आत काय केलं याची कथा फार कोणी सांगत नाही. त्यांनी भिंतींना चुना दिला. अपलाचियाच्या डोंगरांत तर वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं पिठाच्या खळीने ओंडक्यांवर चिकटवायची पद्धत होती. फटींतून येणारा वारा अडे, खोली उजळ होई, आणि पानं मळली की त्यांच्यावर नवी पानं. रशियातल्या शेतकऱ्याच्या ‘इझ्बा’मध्ये भिंतीकडेने चारी बाजूंनी भिंतीलाच जोडलेले बाक असत आणि शेगडीच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यात देवाच्या तसबिरी. या कोपऱ्याला तिथे ‘लाल कोपरा’ म्हणतात. त्यांच्या जुन्या भाषेत लाल आणि सुंदर यांना एकच शब्द होता. तसबिरीवर भरतकाम केलेला लांब पांढरा कपडा सोडलेला असे. पुन्हा पांढरं, आणि तेही नेमकं जिथे नजर जावी तिथे.

मग लाकडाच्या आत लाकूड, शिंगं आणि अस्वलं हा थाट आला कुठून? न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला एडिरॉन्डॅक पर्वत आहेत. विल्यम वेस्ट ड्यूरंट याने तिथे रॅकेट लेकच्या काठी १८७७च्या सुमाराला ‘कॅम्प पाइन नॉट’ उभारायला घेतला, आणि त्यातून श्रीमंतांच्या ‘ग्रेट कॅम्प्स’ची एक शैलीच तयार झाली. साल न काढलेले ओंडके, बर्चच्या सालीने मढवलेल्या भिंती, वाकड्यातिकड्या फांद्यांच्या खुर्च्या, शिकारीची डोकी. न्यूयॉर्कच्या बँकर-रेल्वेवाल्यांना वर्षातले काही आठवडे ‘रानात राहिल्या’सारखं वाटावं, हा या सजावटीचा हेतू. पाठोपाठ १९०३-०४ साली यलोस्टोनमध्ये रॉबर्ट रीमर या वास्तुकाराने ओल्ड फेथफुल इन बांधलं. त्याच्या लॉबीची उंची ७६ फूट आहे. लॉजपोल पाइनचे खांब आणि गाठाळ, वळलेल्या फांद्यांचे कठडे मजल्यामागून मजला वर चढत जातात आणि वरच्या छोट्या खिडक्यांतून झाडांच्या शेंड्यांतून यावा तसा उजेड झिरपतो. ही इमारत अप्रतिम आहे. तिची मोहिनी पुढच्या सगळ्या लॉजेसवर पडली यात नवल नाही. पण ७६ फुटांच्या लॉबीत जे अरण्यासारखं वाटतं ते साडेआठ फुटांच्या बैठकीत अडगळीसारखं वाटतं. पाहुणा लॉबीतून तासाभरात बाहेर पडतो. घरात माणसाला वर्तमानपत्र वाचायचं असतं, मुलाचा गृहपाठ घ्यायचा असतो, सुईत दोरा ओवायचा असतो.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. ओंडके झाकायचेच होते तर ओंडक्यांचं घर बांधलं कशाला? साहित्य जसं आहे तसं दिसू द्यावं, यातच बांधकामाचा प्रामाणिकपणा आहे. हा विचार मला मनापासून आदरणीय वाटतो, आणि त्याला मोठा इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिनलंड रशियन साम्राज्यात होता, आणि आपली स्वतंत्र ओळख शोधणाऱ्या तिथल्या कलावंतांनी ओंडक्यांच्या घराला राष्ट्राचं रूप मानलं. अक्सेली गाल्लेन-काल्लेला या चित्रकाराने १८९५ साली रुओवेसीच्या रानात स्वतःसाठी ‘कालेला’ हा ओंडक्यांचा स्टुडिओ-बंगला बांधला. गेझेलियस, लिंडग्रेन आणि एलिएल सारिनेन या तीन वास्तुकारांनी हेलसिंकीजवळ ह्वित्‌ट्रेस्क इथे शतकाच्या आरंभी आपलं घर आणि कार्यालय उभारलं. त्याच्या मुख्य बैठकीत ओंडके मुद्दाम उघडे ठेवले आहेत. पण या लोकांनी ओंडक्यांसोबत काय मांडलं तेही पाहायला हवं. गाल्लेन-काल्लेलाने १९००च्या पॅरिस प्रदर्शनातल्या फिनिश दालनासाठी ‘लिएक्की’ म्हणजे ज्योत या नावाचा गालिचा आखला. फिनलंडमध्ये अशा जाड, केसाळ विणीच्या वस्त्राला ‘रुइयू’ म्हणतात. हा गालिचा भिंतीवरून सुरू होतो, खाली येऊन बाकावर पसरतो आणि बाकाच्या कडेवरून जमिनीवर उतरतो. भिंत, बैठक आणि जमीन एकाच विणीत. ज्यांनी उघड्या लाकडाची बाजू सगळ्यांत हिरिरीने मांडली, त्यांनीही पाठ टेकायच्या जागी कापडच लावलं. त्यामुळे माझा मुद्दा ‘ओंडके दिसूच नयेत’ असा मुळीच नाही. ओंडके दिसावेत म्हणूनच त्यांच्याशेजारी लाकूड नसलेलं काहीतरी हवं.

रंगाबद्दलचा दुसरा आक्षेप त्याहून व्यावहारिक आणि तितकाच खरा आहे. एकदा ओंडक्यांना ऑइलपेंट फासला की परत येणं नाही. खोबणीत, भेगांत, खाचांत शिरलेला रंग काढायचा तर वाळूचा किंवा मक्याच्या कणसाच्या भुश्श्याचा फवारा मारावा लागतो, आणि त्यात लाकडाचा वरचा मऊ भागही सोलला जातो. म्हणून भिंत हा शेवटचा उपाय समजावा. आधी छत. खालून पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सगळ्यांत जास्त परिणाम छताचा होतो, आणि तिथे बहुधा ओंडके नसतात, फळ्या असतात. त्या फळ्या पांढऱ्या केल्या आणि कड्या तेवढ्या लाकडी ठेवल्या, तर खिडकीतून आलेला उजेड छतावर आपटून खोलीभर पसरतो आणि कड्याही ठसठशीत दिसतात. मग जमीन. स्कॅन्डिनेव्हियात पाइनच्या फळ्यांना आधी क्षाराचं पाणी देऊन नंतर पांढऱ्या साबणाच्या पाण्याने पुसत राहायची पद्धत आहे. लाकडाचं पिवळं पडणं त्याने रोखलं जातं आणि पोत हाताला लागतो तसाच राहतो. मग आतल्या आडभिंती. बेडरूम-बाथरूमच्या मधल्या भिंती ओंडक्यांच्या असायची काहीच गरज नसते. तिथे साधी सपाट पांढरी भिंत घातली तर एका नजरेत ओंडका आणि चुना दोन्ही येतात, अगदी वाड्यासारखे. एवढं केल्यावर बाहेरच्या भिंतींना हात लावायची वेळ सहसा येत नाही.

‘आता वीज आहे, दिवे वाढवा,’ असंही सांगितलं जातं. दिवे हवेतच. पण गडद भिंत दिव्याचाही उजेड पिते, आणि छताच्या मधोमध लावलेल्या एका प्रखर दिव्याने खोबणींतल्या सावल्या आणखी काळ्या होतात. भिंतीवर आडव्या पट्ट्या ओढल्यासारखं दिसतं. खालच्या पातळीवरचे, शेड असलेले, भिंतीवर तिरपा उजेड टाकणारे बरेच छोटे दिवे जास्त काम करतात. इथे अशा घराची एक खास अडचण पुढे येते. विटांच्या भिंतीत झिरी मारून वायर केव्हाही घालता येते. ओंडक्यांच्या भिंतीत ती आतून न्यायची तर ओंडके रचत असतानाच एकाखाली एक भोकं पाडत यावं लागतं. म्हणजे वाचायची खुर्ची कुठे असेल, आरसा कुठे लागेल, पलंगाच्या कुठल्या बाजूला दिवा हवा, हे भिंत उभी राहण्याआधी ठरलेलं हवं. सजावट हे शेवटचं काम असा आपला समज असतो. इथे ते नकाशाबरोबरचं काम आहे. ज्याने ते नंतरवर टाकलं त्याच्या भिंतींवर पुढे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून वायरी धावतात, आणि तेवढं एक पाहून मन खट्टू होतं.

आणि ही भिंत हलते. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, जाडीत आक्रसतं. ओंडके आडवे असल्यामुळे प्रत्येकाची जाडी थोडी थोडी कमी होते आणि सगळी भिंतच खाली बसते. किती, ते लाकूड किती ओलं होतं त्यावर ठरतं. दर मीटर उंचीमागे साधारण १ ते ५ सेंटीमीटर. अडीच मीटरची भिंत पहिल्या काही वर्षांत अडीच-तीन सेंटीमीटर बसेल किंवा थेट वीतभराच्या निम्म्याहूनही जास्त. उभे खांब मात्र तेवढेच राहतात, कारण त्यांची उंची म्हणजे लाकडाची लांबी. म्हणून खांबांखाली स्क्रूचे जॅक बसवतात आणि ते अधूनमधून खाली उतरवत राहतात. दारं-खिडक्यांच्या वर रिकामी फट ठेवतात आणि ती फळीने झाकतात. आता स्वयंपाकघराचा विचार करा. भिंतीवरचं कपाट वर एका ओंडक्याला आणि खाली दुसऱ्या ओंडक्याला घट्ट स्क्रूने बसवलं, की दोन वर्षांत ते मोडतं किंवा भिंतीला अडकवून ठेवतं आणि वरच्या ओंडक्यांत फट पडते. जाणता सुतार ते एकाच ओंडक्यावर टांगतो आणि खालच्या स्क्रूसाठी उभी लांबट खाच ठेवतो, म्हणजे भिंत सरकली तरी कपाट जागच्या जागी. टाइल्स तर ओंडक्यांवर थेट लावूच नयेत; त्यांच्यासाठी वेगळा, सरकता सांगाडा लागतो. जुन्या लोकांचे भिंतीकडेचे लांब बाक, कोपऱ्यातलं तिकोनी फडताळ, स्वतःच्या पायांवर उभ्या पेट्या हे सगळं या हलत्या, फुगीर भिंतीबरोबर नांदायला शिकलेलं सामान होतं. उंच, सपाट पाठीचं कपाट गोल ओंडक्यांना टेकवलं तर ते दोन-चार फुगवट्यांवरच टेकतं आणि मागे धूळ-कोळ्यांचं राज्य सुरू होतं. तसबिरीचंही तेच: चौकट एका ओंडक्याच्या पोटावर ठेवली की डुलते. वर एक आडवी पट्टी ठोकून तिच्यावरून तारेने सोडली तर ती सरळ लटकते, आणि दहा जागी खिळे मारावे लागत नाहीत.

फर्निचरच्या रंगाबद्दल सगळ्यांत मोठा धडा दिला तो एका बाईने. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात सुंदबोर्न गावी कार्ल लार्सन या चित्रकाराचं लाकडी घर आहे. पत्नी कारिनच्या वडिलांनी ते १८८८ साली या जोडप्याला दिलं. कार्लने त्या घराची जलरंगातली चित्रं काढली आणि १८९९ साली ती पुस्तकरूपाने आल्यावर घर जगभर पोचलं. नाव कार्लचं झालं, पण आतलं कितीतरी काम कारिनचं आहे. ती स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेली; लग्नानंतर तिची कला मागाकडे वळली. पडदे, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, बाकावरच्या गाद्या तिने विणल्या, फर्निचर आखलं आणि गावच्या सुताराकडून करून घेतलं. लाल आणि हिरव्या रंगाच्या खुर्च्या-टेबलं, पांढऱ्या चौकटी, खिडकीत जड पडद्यांऐवजी कुंड्या. त्या काळात सुखवस्तू घरं गडद लाकूड, जड मखमल आणि झालरींनी गुदमरत होती. तिथे हे घर म्हणजे खिडकी उघडल्यासारखं होतं. जमिनीवर चिंध्यांच्या सतरंज्या. जुने कपडे फाडून पट्ट्या करायच्या आणि मागावर आडव्या धाग्याऐवजी त्या घालून विणायचं; स्वीडनमध्ये ‘त्रासमात्ता’, फिनलंडमध्ये ‘रेसुमात्तो’. आपली गोधडी शिवलेली असते आणि ही विणलेली, एवढाच फरक. आजोबांचा सदरा, आईचा झगा, पडद्याचा तुकडा सगळं त्यात ओळखू येतं. मळली की धुवायची, फाटली की तिच्याच पट्ट्या पुन्हा मागावर चढतात. पन्नास हजारांच्या अस्वलछापी गालिच्यापेक्षा अशा दोन सतरंज्या त्या पिवळ्या फळ्यांवर जास्त शोभतात, हे मी ठासून म्हणेन.

एक शेवटचं म्हणणं उरतं: सुट्टीचं केबिन आणि राहतं घर यांना एकच माप का लावायचं? लावू नये. तीन दिवसांसाठी मूसचं डोकं पाहायला मजा येते, मुलं त्याला नावही ठेवतात. पण फिनलंडपासून अमेरिकेपर्यंत लोक आज ओंडक्यांची घरं कायमचं राहण्यासाठीही बांधतात, आणि ती सजवताना नमुना म्हणून त्यांच्यासमोर येतो तो केबिनचाच. त्यांच्यासमोर मी हेलसिंकीच्या उत्तरेला यार्वेनपा इथलं ‘आइनोला’ ठेवेन. लार्स सोंक या वास्तुकाराने आखलेलं हे ओंडक्यांचं घर १९०४ साली तयार झालं आणि संगीतकार जाँ सिबेलियस पत्नी आइनोसह तिथे राहायला आला. १९५७ साली वारला तोही याच घरात. वास्तुकाराकडे त्याच्या मागण्या अगदी मोजक्या होत्या: तळ्याचा देखावा दिसावा आणि जेवणाच्या खोलीत हिरवी शेगडी असावी. पाण्याच्या नळांचा आवाज त्याला नको होता, म्हणून तो होता तोवर घरात नळ आले नाहीत. शांतता हीसुद्धा त्याच्या घराच्या सजावटीचा भाग होती. जेवणाच्या खोलीत ओंडके उघडे आहेत, काळाने तपकिरी झालेले, आणि त्यांच्या कोपऱ्यात चकचकीत हिरव्या टाइल्सची उंच शेगडी. सिबेलियसला स्वर रंगांत दिसत, आणि हा हिरवा त्याला एफ मेजरचा वाटे. त्या खोलीतली शंभर वर्षांची लाकडं आज नीट दिसतात ती त्या हिरव्यापाशी उभं राहिल्यावर.